गंधाची सोबत



हा पाठ तुम्ही बहुधा रात्री वाचायला घेतला असेल. दिवसभराची नोकरी, घरचे स्वयंपाकपाणी, मुलांच्या वह्या, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचे औषधपाणी हे सारे उरकल्यावर जी काही तास-दीड तासाची सवड उरते, तीत पुस्तिका उघडणाऱ्यांपैकी मीही एक होते. फोर्टमधल्या एका कचेरीत कारकुनी करीत, मुलुंडच्या लोकलमध्ये उभ्याने वाचन करीत मी पदवी घेतली, पुढे एम.ए. केले. आज रविवारच्या संपर्कसत्रांत मी मराठी शिकवते.

अशाच एका संपर्कसत्रानंतर चाळिशीच्या एक विद्यार्थिनी माझ्यापाशी थांबल्या. परीक्षा आठवड्यावर आली होती. त्यांनी पर्समधून बोटाएवढी तपकिरी बाटली काढली, रुमालावर एक थेंब टाकला आणि हसून म्हणाल्या, "बाई, लॅव्हेंडरचं तेल आहे. हुंगलं की धडधड कमी होते." मग क्षणभर थांबून, आवाज थोडा खाली आणून त्यांनी विचारले, "हे नैराश्यावरही चालतं का हो? माझ्या जावेसाठी विचारते."

मला लोकल पकडायची होती. "तेल वापरायला हरकत नाही, पण डॉक्टरांना दाखवा," एवढेच सांगून मी निघाले. गाडीत बसल्यावर मात्र माझ्या लक्षात आले, की हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मीही विचारला होता. तो मी एका दुकानदाराला विचारला होता आणि त्याने दिलेल्या उत्तरावर विसंबून आठ महिने घालवले होते. त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर आज तुमच्यासमोर पूर्ण करीत आहे.

मुलुंडचे दोन वास

माझे बालपण मुलुंडच्या पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका चाळीत गेले. याच मार्गावर एस. एच. केळकर आणि कंपनीचा सुगंधी द्रव्यांचा कारखाना आहे. 1922 साली स्थापन झालेली ही मराठी उद्योजकांची कंपनी साबण, उदबत्त्या, तेले, खाद्यपदार्थ यांना लागणारे सुगंध तयार करते. पूर्वेला वझे महाविद्यालय आहे. तेही केळकरांच्याच ट्रस्टने 1984 साली सुरू केले आणि सुगंधी द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही तिथे चालविला गेला. विलेपार्ल्याची माणसे जशी बिस्किटांच्या भाजक्या वासाने आपले स्टेशन ओळखत, तशी आम्ही मुले वाऱ्यावर येणाऱ्या सुवासाने घर ओळखत असू. पार्ल्याचा तो कारखाना 2016 साली बंद झाला. पण तो वास आठवणारी माणसे अंधेरी-पार्ल्यात आजही भेटतात.

पुढे आम्ही मुलुंडच्या पूर्वेला राहायला आलो आणि दुसरा वास ओळखीचा झाला. तिकडे कचराभूमी होती. हिवाळ्यातल्या रात्री खाडीकडून वारा सुटला की दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागत. 2018 साली ती बंद होईपर्यंत पूर्वेच्या लोकांनी तो वास मुकाट्याने सोसला.

माझ्या आईचे नाक विलक्षण तीक्ष्ण होते. पश्चिमेच्या चाळीत ती गॅलरीत उभी राहून सांगायची, "आज गुलाब चाललाय," किंवा "आज वाळा आहे." बाजारातला मरवा ताजा की कालचा, हे ती जुडी हाती न घेता ओळखे. डाळ करपण्यापूर्वीच तिला कळत असे. दिवाळीचे उटणे ती घरी करी आणि त्यात नागरमोथा कमी पडला की तिला वासावरून समजे. आमच्या घरात गंध ही चैनीची वस्तू नव्हती. उटणे, वेखंड, ओव्याची पुरचुंडी, देवापुढचा धूप, चहातला गवती चहा असे ते रोजच्या वापरातले ज्ञान होते आणि आई त्यातली जाणकार होती.

आठ महिने

2011 च्या फेब्रुवारीत वडील गेले. आई तेव्हा 62 वर्षांची होती. पहिले काही आठवडे घर माणसांनी भरलेले होते; नंतर ती माणसे आपापल्या कामाला लागली. आई पहाटे तीनला जागी होऊ लागली. जेवण दोन घासांवर आले. तुळशीला पाणी घालायचे तिला सुचेना. बोलताना एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा येई. "माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांना त्रास," हे वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणे. आम्ही म्हणत असू, "दुःख आहे, हळूहळू कमी होईल."

दुःख कमी होते, हे खरेच आहे. परंतु दुःखातला माणूस नातवाचा बोल ऐकून क्षणभर का होईना हसतो, आवडीच्या पदार्थाकडे हात नेतो. आईचे ते क्षणही थांबले होते. मला ते दिसत होते आणि त्याचा अर्थ लावायला मी तयार नव्हते.

कचेरीतल्या एका मैत्रिणीने सुगंधोपचाराचे सुचवले. घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या गर्दीच्या गल्लीत एक दुकान होते. त्या दुकानदाराला मी विचारले, "नैराश्यावर चालतं का?" त्याने ठामपणे सांगितले, "रामबाण आहे. दोन महिन्यांत गोळ्या बंद होतात लोकांच्या." गोळ्या सुरूच झालेल्या नसल्यामुळे हे उत्तर मला फार सोयीचे वाटले. लॅव्हेंडर, बर्गमॉट आणि वाळा अशा तीन बाटल्या व मातीचा एक छोटा दिवा मी घेतला. त्या दिव्यात खाली मेणबत्ती लावायची, वरच्या वाटीत पाणी घालायचे आणि पाण्यावर तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे.

पहिल्या दोन रात्री आई बरी झोपली. मी बहिणीला बोरिवलीला फोन करून विजयाने सांगितले, "तेल लागू पडलं." तिसऱ्या रात्री आई पुन्हा तीनला उठून बसली. मी लॅव्हेंडरऐवजी बर्गमॉट लावले, मग वाळा, मग दोन्ही एकत्र. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्या पायांना तेल चोळू लागले. "छान वाटतं का गं?" असे विचारले की आई म्हणे, "हो, छान वास आहे." नातेवाइकांना मी सांगत राहिले, की आई आता सावरते आहे.

ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ. मी कुलूप उघडून आत आले तो घरभर करपट धूर. दिव्याच्या वाटीतले पाणी आटून तेल तळाला जळत होते, वाटी काळी ठिक्कर पडली होती. आणि त्या दिव्यापासून हातभर अंतरावर, खुर्चीत, आई शांत बसलेली होती.

"आई, वास नाही आला तुला?"

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला कधीपासून कशाचाच वास येत नाही. तू एवढं दमून येतेस, तेल लावतेस. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

आठ महिने मी जिला सुगंधाने बरे करू पाहत होते, तिच्यापर्यंत तो सुगंध पोहोचतच नव्हता. नैराश्यात गंधाची संवेदना मंदावू शकते, हे मला पुढे कळले. त्या वेळी मला एवढेच उमगले, की माझी समजूत राखण्यासाठी आई खोटे बोलत होती आणि मी ते खोटे आनंदाने ऐकत होते.

'ठाण्याला नेणे'

मित्रहो, आपण मराठीचे अभ्यासक आहोत, म्हणून एका वाक्प्रयोगाकडे तुमचे लक्ष वेधते. मुलुंड हे मध्य रेल्वेवरचे मुंबईतले शेवटचे स्टेशन. पुढचे स्टेशन ठाणे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 साली सुरू झाले आणि तेव्हापासून आपल्या बोलण्यात 'याला ठाण्याला न्यायला हवं' हा प्रयोग रूढ झाला. थट्टेत, भांडणात, नाटकातल्या विनोदात तो सहज येतो. आमच्यासाठी ठाणे हे पाच मिनिटांच्या अंतरावरचे गाव होते. तिथे आम्ही लग्नाचा बस्ता बांधायला जात असू. तरीही मी जेव्हा म्हटले, की आईला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, तेव्हा मामांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे आता ताईला ठाण्याला न्यायचं?" आठ महिने मी तेलाच्या बाटल्या बदलत राहिले, त्याचे खरे कारण या एका शब्दात होते. तेलाला कोणी नाव ठेवत नाही. ते घरात उघड्यावर ठेवता येते, पाहुण्यांना दाखवता येते. गोळीची चिठ्ठी मात्र देव्हाऱ्यामागे लपवावी लागते.

आमच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले, कारण थायरॉइड मंदावले किंवा शरीरात ब-12 जीवनसत्त्व कमी झाले तरी अशी मरगळ येऊ शकते. मग त्यांनी महापालिकेच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी दिली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला झोप, भूक, वजन यांविषयी विचारले आणि त्याच साध्या आवाजात विचारले, "आजी, जगू नये असं वाटतं का कधी?"

मला त्यांचा राग आला. असे काही विचारतात का? पण आई म्हणाली, "वाटतं. पहाटे वाटतं."

मी तिच्या शेजारीच बसले होते. आठ महिने रोज संध्याकाळी तिचे पाय माझ्या मांडीवर असत आणि हे मला ठाऊक नव्हते. असा प्रश्न विचारल्याने माणसाच्या मनात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट मनात साचलेले बोलायला वाट मिळते, असे डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन समजावले. ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. घरातल्या कोणाविषयी शंका आली तर विचारायला घाबरू नका.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस आईला मळमळले, तोंड कोरडे पडले. ही औषधे लगेच गुण देत नाहीत, काही आठवडे थांबावे लागते आणि बरे वाटले म्हणून मनाने ती बंद करायची नसतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. त्याबरोबर दर पंधरा दिवसांनी समुपदेशन होते. बहिणीने आईला महिनाभर बोरिवलीला नेले आणि रोज सकाळी राष्ट्रीय उद्यानात चालायला नेऊ लागली.

जानेवारीत आई परत आली. एका सकाळी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. पातेल्यावर वाकून ती कुरकुरली, "कुठून आणलास हा गवती चहा? शिळा आहे. वासच नाही त्याला." वास नसल्याचे जिला कळले, तिला वास येऊ लागला होता. मी काही न बोलता बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

तेल काय करू शकते

म्हणजे ती तेले खोटी होती का? रागाच्या भरात मी तसे म्हणत असे. नंतर थोडे वाचन केले, तेव्हा माझे मत बदलले.

ज्यांना आपण सुगंधी तेले म्हणतो, ती खोबरेल किंवा तिळेलासारखी नसतात. कागदावर खोबरेलाचा थेंब टाकला तर डाग राहतो. शुद्ध लॅव्हेंडरचा थेंब बहुतांशी उडून जातो. पाने, फुले, मुळे किंवा साली यांतून वाफ नेतात. ती वाफ थंड केली की पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. हेच ऊर्ध्वपातन. एक किलो गुलाबतेलासाठी काही टन पाकळ्या लागतात. म्हणून फुटपाथवर पन्नास रुपयांना मिळणारे 'शुद्ध गुलाबतेल' शुद्ध असू शकत नाही. लॅव्हेंडरमधला एक प्रमुख घटक लिनालूल. तो आपल्या धण्यांच्या तेलातही भरपूर असतो. गवती चहाच्या लिंबासारख्या वासाचे कारण सिट्रल. निसर्गाची ही देणगी परदेशी बाटलीतच असते, असे मुळीच नाही. आता तर लॅव्हेंडरही जम्मूतल्या भद्रवाहच्या डोंगरउतारांवर शेतकरी पिकवतात.

या तेलांना 'ॲरोमाथेरपी' हे नाव मिळाले ते रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या 1937 सालच्या पुस्तकामुळे. गंध मनापर्यंत कसा पोहोचतो, याचा उलगडा मात्र बराच नंतर झाला. गंध ओळखणारी ग्राहके आणि त्यांची मेंदूपर्यंतची रचना शोधून काढल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार आहेत. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश मेंदूतल्या एका मधल्या केंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांकडे अधिक थेट जातात. उदबत्तीच्या एका वासासरशी आजोळचे अख्खे घर उभे राहते, ते यामुळेच.

चिंतेविषयी काही पुरावाही आहे. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी लॅव्हेंडर हुंगलेल्या रुग्णांची भीती काहीशी कमी झाल्याचे अनेक लहान अभ्यासांत दिसले. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल तयार करून चिंताविकाराच्या रुग्णांवर तिच्या चाचण्या झाल्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका सहा आठवड्यांच्या अभ्यासात तिचा गुण लोराझेपाम या नेहमीच्या औषधाच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या मात्रेइतका आढळला. पण एक भेद लक्षात घ्या. ती ठरलेल्या मात्रेची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेली कॅप्सूल होती. दुकानातली हुंगायची बाटली कधीही पोटात घ्यायची नसते. शिवाय हुंगण्याच्या अभ्यासांत एक अंगभूत अडचण असते. खऱ्या आणि खोट्या गोळ्या दिसायला सारख्या करता येतात. सुगंध मात्र रुग्णापासून लपवता येत नाही. गुण तेलाचा किती आणि अपेक्षेचा किती, हे सांगणे त्यामुळे कठीण जाते. गंभीर नैराश्यात तेलाने उपचाराची जागा घ्यावी, असा पुरावा नाही.

वापरताना काही पथ्येही पाळावी लागतात. तेल थेट कातडीवर लावू नये; चमचाभर खोबरेलात एखाद-दुसरा थेंब पुरतो. बर्गमॉट लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. कापूर आणि निलगिरीचे तेल मुलांच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते, म्हणून बाटल्या उंचावर ठेवाव्यात. घरात दमा असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि दिवा पेटता ठेवून त्याच्यापासून दूर जाऊ नये. हे मी अनुभवाने सांगते.

सोबत आणि उपचार

आईच्या डॉक्टरांना मी तेलांविषयी विचारले, तेव्हा त्या हसल्या नाहीत. "पाय चोळणं चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "गोळीसोबत चालेल, गोळीऐवजी नको." मी ते चालू ठेवले. मातीचा दिवा टाकून दिला. खोबरेलात वाळ्याचा एक थेंब एवढेच राहिले. आईने आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. तिच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करीत पुढे बंद केल्या. पाय चोळणे आम्ही दोघींनीही सोडलेले नाही. त्या वीस मिनिटांत तेलाचा वाटा किती आणि हाताचा किती, हे मी आता मोजत नाही. फरक एवढाच, की आता पाय चोळताना मी तिला विचारते आणि ती खरे उत्तर देते.

मित्रहो, मनाची अवस्था सांगायला आपली भाषा समर्थ आहे. हुरहूर, घालमेल, धास्ती, उदासी, खिन्नता, विषाद या शब्दांत केवढ्या छटा आहेत! गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. त्यात हातापायांतले त्राण गेल्याचे अर्जुन सांगतो आणि ऐकणारा ते पूर्ण ऐकून घेतो. एवढी शब्दसंपदा असूनही घरात आपण 'जरा मन लागत नाही' यापुढे जात नाही. उदास वाटणे आणि नैराश्याचा आजार यांतली सीमा ओळखायला शब्द नेमके वापरावे लागतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो स्वभाव नव्हे आणि आळसही नव्हे. त्याला नाव आहे आणि उपचारही आहे. जगू नयेसे वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबायचे नाही.

मदत आता पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी यंत्रणेतून असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. ज्या ठाण्याच्या नावाने आम्ही बिचकत होतो, त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली आणि मनाच्या आरोग्याविषयी मराठीतून मोकळेपणाने बोलण्याची प्रथा पाडली. आमचे मामा अलीकडे रक्तदाबाच्या गोळीइतक्याच सहजतेने आपल्या झोपेच्या तक्रारीविषयी बोलतात. 'ठाण्याला नेणे' हा वाक्प्रयोग मात्र अजून हद्दपार झालेला नाही. तो वापरायचा की नाही, हे भाषेचा अभ्यास करणाऱ्या आपणच ठरवायचे आहे.

शेवटी, त्या विद्यार्थिनीकडे वळते. परीक्षेच्या सकाळी रुमालावर लॅव्हेंडरचा थेंब जरूर टाका. लोकलच्या गर्दीत दोन खोल श्वास घेण्याचे निमित्त त्याने मिळत असेल, तर तेवढ्यावरच त्याची किंमत वसूल झाली. पण तुमच्या जावेला घरी गेल्यावर एकदा शेजारी बसवा. झोप कशी लागते, जेवण जाते का, पहाटे काय वाटते, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मग बाटली घेऊन नव्हे, तिला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि जाऊ नसेल, तो प्रश्न तुमचा स्वतःचाच असेल, तर पुढच्या रविवारी संपर्कसत्र संपल्यावर मला सांगा. त्या दिवशी मी नंतरची गाडी पकडेन.

स्वाध्याय

1. लेखिकेच्या आईचे गंधज्ञान पाठात कोणकोणत्या तपशिलांतून व्यक्त झाले आहे? त्या तपशिलांचा पुढील घटनांशी असलेला संबंध स्पष्ट करा.

2. 'वास नसल्याचे जिला कळले, तिला वास येऊ लागला होता,' या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.

3. 'सोबत' आणि 'उपचार' यांतील फरक लेखिकेने कसा मांडला आहे?

4. मानसिक आजारासंबंधी तुमच्या परिसरात रूढ असलेले पाच वाक्प्रयोग जमवा. त्यांतून समाजाची कोणती दृष्टी दिसते, यावर 200 शब्दांत टिपण तयार करा.

5. एखाद्या गंधाशी निगडित असलेल्या तुमच्या घरातील आठवणीवर 300 शब्दांचा ललित निबंध लिहा.